दुपारी पाय उचलत नाही : एम.एस.मधली तात्पुरती उसळी

सकाळी नळावरून दोन हंडे आणणारी बाई दुपारी बारा वाजता पाय ओढत चालते. भिंत धरल्याशिवाय तोल राहत नाही, हातातला ग्लास सुटतो, डोळ्यांपुढं धुकं येतं. संध्याकाळी वारं सुटलं की तीच बाई उठून भाकऱ्या टाकते. घरातले हे रोज बघतात आणि एक दिवस कुणीतरी बोलतंच, "कामाच्या वेळीच हिला बरोबर होतं." मग नाटक, ढोंग, आळस हे शब्द घरात फिरायला लागतात. काही घरांत त्याच्याही पुढं जाऊन "बाहेरचं काहीतरी आहे" असं म्हणून अंगारा-धुपारा सुरू होतो. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याला इतकी वर्षं झाली, तरी आजार समजला नाही की आपल्याही घरात लिंबू-मिरची शिरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस., या आजारात असं खरोखर होतं. दिवसातून दोनदाही होतं. हे का होतं, किती घाबरायचं आणि कधी अजिबात वेळ घालवायचा नाही, एवढ्यापुरताच हा लेख आहे. पूर्ण आजाराची माहिती एका लेखात मावणारी नाही.

तरी थोडं सांगावंच लागेल. मेंदू, पाठीचा कणा आणि डोळ्याची नस यांतल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. एम.एस.मध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. जिथं आवरण जातं तिथला निरोप नीट पोचत नाही. ती जागा पायाच्या वाटेवर असेल तर पाय जड होतो, डोळ्याच्या नसेवर असेल तर दिसणं अंधुक होतं, लघवीच्या वाटेवर असेल तर लघवी तुंबते किंवा थांबत नाही. बहुतेकांना हा आजार वीस ते चाळीस या वयात सुरू होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट दिसतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, एका अंथरुणात झोपा, काही होत नाही. हा लकवा नाही आणि कुणाची करणीही नाही. निदान न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, तपासून आणि एम.आर.आय. काढून करतात.

आता दुपारकडे येऊ. वस्तीतल्या विजेचं उदाहरण घ्या. एका मीटरवर चार घरं जोडलेली असतात. सकाळी पंखा गरगर फिरतो. दुपारी सगळ्यांचे कूलर चालू झाले की व्होल्टेज पडतं, पंखा रेंगाळतो, ट्यूब लुकलुकते. पंखा जळालेला नसतो. रात्री लोड उतरला की तोच पंखा पुन्हा नीट फिरतो. आवरण गेलेल्या नसेचं काम असंच काठावर चालतं. शरीर थंड असतं तेव्हा निरोप कसाबसा पोचतो. अंगातली उष्णता थोडी वाढली की त्या उघड्या जागेतून तो पुढं जात नाही. 'थोडी' म्हणजे किती? अर्धा अंश सेल्सिअस पुरतो, काहींना त्याहूनही कमी. थर्मामीटरमध्ये ताप दिसणारसुद्धा नाही आणि पाय मात्र बसलेला असेल. अंग थंड झालं की निरोप पुन्हा पोचायला लागतो.

हे डॉक्टरांना आज कळलेलं नाही. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये लिहून ठेवलं, की काही रुग्णांना श्रम केल्यावर अंधुक दिसतं आणि विश्रांतीनंतर पुन्हा नीट दिसतं. पुढं त्यांचंच नाव या प्रकाराला पडलं. एम.आर.आय. नव्हता त्या काळात एम.एस.चा संशय असलेल्या माणसाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघायचे. तुम्ही घरी असला प्रयोग करू नका, पडून हाड मोडेल. पण या गोष्टीतून एक कळतं. ज्या बाईला आपण नाटकी म्हणतो, तिच्या त्याच 'नाटकावरून' एके काळी डॉक्टर रोग ओळखत होते. एम.एस. असलेल्या दहा माणसांपैकी सहा ते आठ जणांना उष्णतेचा असा त्रास होतो.

डॉक्टर लोक याला 'स्यूडो-रिलॅप्स' म्हणतात. स्यूडो म्हणजे खोटा. हा शब्द मला पटत नाही. केसपेपरवर तो लिहिला जातो, नवरा किंवा दीर मोबाइलवर अर्थ शोधतो आणि म्हणतो, "बघ, डॉक्टरांनीच खोटं लिहिलंय." खोटा असतो तो ॲटॅक, त्रास खोटा नसतो. पाय खरंच उचलत नाही. म्हणून मी घरोघरी सांगताना 'उसळी' म्हणते. जुनी लक्षणं उसळून वर येतात आणि खाली बसतात.

उसळी की ॲटॅक?

हा फरक घरातल्या निदान दोन माणसांना तरी माहीत हवा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. खऱ्या ॲटॅकमध्ये मेंदूत किंवा कण्यात नवी सूज येते, आवरण नव्यानं जातं. तो काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत वाढत जातो, निदान २४ तास टिकतो, बहुधा काही दिवस ते काही आठवडे राहतो. अंगावर पाणी ओतलं म्हणून तो उतरत नाही. उसळीत नवं नुकसान होत नाही. पूर्वी ज्या पायाला, ज्या डोळ्याला त्रास झाला होता तिथंच पुन्हा होतो, मागं काहीतरी कारण सापडतं, आणि कारण गेलं की साधारण काही मिनिटांत ते काही तासांत माणूस पूर्ववत होतं.

पण २४ तासांचा नियम दगडावरची रेघ समजू नका. तीन दिवस ताप असेल तर उसळीसुद्धा तीन दिवस राहू शकते. म्हणून मी बायकांना तीन प्रश्न पाठ करायला लावते. हे लक्षण जुनं आहे की नवं? आज अंग तापायचं काही कारण घडलं का? गार झाल्यावर उतरलं का? जुनं आहे, कारण आहे आणि उतरलं, तर घरी राहा, वहीत लिहून ठेवा. लक्षण नवं असेल, कारण सापडत नसेल किंवा उतरत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

काही गोष्टींत मात्र २४ तास मोजत बसायचं नाही. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गेला, बोलणं अडखळलं, तर ते एम.एस.च असेल असं धरू नका. एम.एस. असलेल्या माणसालाही लकवा येऊ शकतो आणि तिथं मिनिटं मोलाची असतात. १०८ ला फोन करा. डोळा दुखून दिसणं कमी होत चाललं, लघवी अजिबात होईना, गिळताना ठसका लागू लागला, श्वास अडला, थंडी वाजून ताप भरला, तर ताबडतोब दवाखाना गाठा. उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. तेव्हाही १०८, आणि गाडी येईपर्यंत अंग भिजवत राहायचं.

मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, हात मिनिटभर आखडून सुटणं, असे सेकंदा-मिनिटांचे झटकेही या आजारात येतात. ते दिवसभर वारंवार यायला लागले आणि आधी कधी नव्हते, तर डॉक्टरांना सांगावं.

आपल्या घरांतली कारणं

पुस्तकात कारणं लिहिलेली असतात : उष्णता, ताप, जंतुसंसर्ग, थकवा, ताण. आपल्या घरात ती कुठून येतात ते बघू.

पहिला आपला पत्रा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालच्या दहा बाय दहाच्या खोलीत गॅस पेटवून पंधरा-वीस भाकऱ्या थापणं, म्हणजे एम.एस.च्या बाईनं रोज त्या जर्मन डॉक्टरांची परीक्षा देणं आहे. स्वयंपाक सकाळी आठच्या आत उरकावा, भाकरी दुसऱ्या कुणी थापावी, आणि 'दुसरं कुणी' यात घरातले पुरुषही येतात. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना मारला तर आत फरक पडतो. आतून जुन्या फ्लेक्सचं किंवा साड्यांचं छत बांधलं तरी थेट झळ कमी होते, मात्र ते गॅस आणि दिव्यापासून लांब ठेवा. आणि एक सांगते. वस्तीतली सगळ्यांत उंच छताची, खिडक्या-पंखे असलेली जागा बहुतेक ठिकाणी आपलं विहार असतं. सकाळ-संध्याकाळची वंदना झाली की त्याला कुलूप लागतं. उन्हाळ्यात बारा ते चार ते उघडं ठेवून आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना बसू द्यायला कमिटीला खर्च किती? पंख्याच्या बिलापुरता.

दुसरं कारण लघवीचं. यावर मी जास्त बोलते, कारण घराघरात हे लपवलं जातं. एम.एस.मध्ये मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, थोडी लघवी आत साचून राहते आणि तिच्यात जंतू वाढतात. त्यात आपले सार्वजनिक संडास. लांब, रांग, अंधार, आतून कडी नाही. मग बाई काय करते? पाणीच पीत नाही, म्हणजे जायला लागणार नाही. सकाळी एकदा आणि रात्री अंधार पडल्यावर एकदा. अशानं लघवीचा संसर्ग होतो. एम.एस.मध्ये तिथली जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून जळजळ होईलच असं नाही. ताप येईलच असंही नाही. एवढंच दिसतं, की चार दिवसांपासून पाय जास्त ताठ झालेत, बसून उठता येत नाही. घरचे समजतात आजार वाढला. खरं कारण लघवीत असतं. वास बदलला, गढूळ झाली, सारखी लागल्यासारखं वाटू लागलं, तर लघवीची साधी तपासणी आणि कल्चर करून घ्या. संसर्ग बरा झाला की पाय बहुधा पुन्हा पूर्वीसारखे होतात. पाणी दिवसाला दीड-दोन लिटर तरी पोटात जायला हवं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. रात्रीसाठी घरात झाकणाची बादली किंवा कमोडची खुर्ची ठेवली तर त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. संडासाची कडी आणि दिवा यासाठी नगरसेवकाच्या मागं लागायला दहा बायकांनी जावं. ती मागणी आरोग्याचीच आहे.

बद्धकोष्ठता, बसून-बसून कमरेखाली पडलेली जखम, सडलेला दात, साधी सर्दी, यांनीही उसळी येते. काही बायकांना पाळी येण्याच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढतो. इंटरफेरॉनचं इंजेक्शन चालू असेल तर ते घेतल्यावर काही तासांनी कणकण येते आणि पाय जड होतात. ते इंजेक्शन 'बाधलं' म्हणून परस्पर बंद करू नका. रात्री झोपताना घ्यायचं का, सोबत तापाची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. एक उन्हाळा वाईट गेला म्हणून औषध सोडलं आणि दिवाळीत खरा ॲटॅक आला, अशी घरं मला माहीत आहेत.

बाळंतपणाबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे बाळंतिणीला शेक-शेगडी देतात, कढत पाण्यानं न्हाऊ घालतात, दारं-खिडक्या बंद करून पांघरूण घालून निजवतात. आई-सासू मायेनंच करतात. पण एम.एस. असलेल्या बाळंतिणीच्या अंगाला हा शेक सोसत नाही, आणि बधिर कातडीला निखाऱ्याचा चटका बसलेला कळतही नाही. शिवाय बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत खऱ्या ॲटॅकची शक्यताही वाढलेली असते. म्हणजे उसळी आणि ॲटॅक यांची गल्लत सगळ्यांत जास्त इथंच होते. शेगडी ठेवूच नका, पाणी कोमट घ्या, आणि शंका आली की वाट न बघता डॉक्टरांकडे न्या.

झोपेचं आणि भांडणाचं काय सांगू? रात्री दोनला पाण्याचा टँकर येतो, पहाटे पाचला उठायचं असतं. नवऱ्याचं पिणं असतं. 'ताण घेऊ नका' असा सल्ला देऊन मी मोकळी होणार नाही. एवढंच म्हणते, पाणी भरायची पाळी तिच्यावरून काढा.

त्या वेळी काय करायचं

आधी तिला बसवा. चालवत नेऊ नका, पडण्यानं उसळीपेक्षा मोठं नुकसान होतं. सावलीत न्या, पदर-ओढणी सैल करा. माठातलं गार पाणी घोट-घोट प्यायला द्या. पंचा ओला करून मानेवर, मनगटांवर ठेवा, पाय गार पाण्याच्या बादलीत सोडा. नागपूर, अकोला, जालना इकडच्या कोरड्या हवेत ओलं कापड आणि पंखा किंवा साधा कूलर चांगलं काम करतो. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, तिथं कूलरपेक्षा पायाखालची बादली आणि माठाचं पाणी उपयोगी. बर्फ लावायचा तर फडक्यात गुंडाळून, कारण बधिर जागी बर्फानंही कातडी भाजते. ताप असेल तर पॅरासिटामॉल चालते, पण नुसत्या उन्हानं झालेल्या त्रासाला ती गोळी उपयोगाची नाही. आणि ताप का आला हे शोधायचं राहून जाता कामा नये.

बाहेर जायचं असेल तर निघण्याआधीच अंगावर गार पाणी घ्यावं, नंतरची धावपळ वाचते. व्यायाम सोडू नका. व्यायामानं अंग तापून पाय थोडा वेळ जड होईल, त्यानं नस बिघडत नाही. पहाटे करा, थोडा-थोडा करा. कपडे सुती असावेत. विहारात जाताना नेसतो ती पांढरी साडी बाजारात बहुधा सिंथेटिक मिळते, तिच्यात जीव गुदमरतो. साधी सुती घ्या. १४ एप्रिलला सकाळच्या अभिवादनाला जा, रात्रीच्या मिरवणुकीत दारातल्या खुर्चीवर बसून सामील व्हा. ६ डिसेंबरला दादरला जायचं तर घडीचं स्टूल आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या. थंडीचे दिवस असले तरी गर्दीत अंग तापतंच.

दवाखान्यात आणि दाखल्यासाठी

उसळी आली की गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन "एक सलाईन लावा, ताकदीचं इंजेक्शन द्या" म्हणायची आपल्याला सवय आहे. त्या इंजेक्शनात कधीकधी स्टेरॉइड असतं. खऱ्या ॲटॅकला स्टेरॉइड देतातच. मिथाइलप्रेडनिसोलोन नावाचं औषध बहुधा एक ग्रॅम रोज, तीन ते पाच दिवस शिरेतून, तेही देखरेखीखाली. उसळीला त्याची गरज नसते. अंगात संसर्ग असताना ते दिलं तर संसर्ग भडकू शकतो, साखर वाढते. म्हणून स्टेरॉइड सुरू करायच्या आधी "लघवी तपासली का?" हा प्रश्न तुम्ही विचारा. विचारल्यानं कुणी रागावलं तर रागावू द्या.

शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, काय झालं, त्या दिवशी ऊन, ताप, पाळी, जागरण यांतलं काय होतं, किती वेळात उतरलं, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला सांगा. ओपीडीत डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, या वहीनं त्या पाच मिनिटांत काम होतं. पुणे-मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या शाखा आहेत, रुग्ण आणि घरचे तिथं विचारपूस करू शकतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. बऱ्याच योजनांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. अडचण अशी, की बोर्डापुढं तुम्ही सकाळी दहाला जाता, गार हवेत, रात्रभर झोपून. त्या वेळी पाय बरा चालतो आणि टक्के कमी लागतात. म्हणून नुसतं शरीर घेऊन जाऊ नका. एम.आर.आय.चा रिपोर्ट, न्यूरोलॉजिस्टचे कागद, आधीच्या ॲटॅकचं डिस्चार्ज कार्ड आणि ती वही न्या. त्रास दिवसात कसा कमी-जास्त होतो हे तुमच्या न्यूरोलॉजिस्टकडून दोन ओळींत लिहून, सही-शिक्का घेऊन जोडा. सगळ्याच्या दोन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद काउंटरवर सोडून येऊ नका.